वाचणाऱ्या बाईंचे पाय

"हे झालं. आता दुसरं सांग गा."

असं म्हणून त्या औषधाची रिकामी बाटली माझ्या काउंटरच्या काचेवर ठेवायच्या. आपटायच्या नाहीत, पण इतक्या ठामपणे ठेवायच्या की दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं वळून बघायची. चेहऱ्यावर राग नाही, रड नाही. वर्गातल्या पोराचं गणित चुकलं की पाटी पुसून पुन्हा त्याच्यापुढे सरकवावी, तसा सगळा कारभार. फक्त इथे गणित औषधांचं होतं आणि पाटी त्यांच्या पायांची.

ऐंशी सालाच्या पुढच्यामागच्या या गोष्टी. मी तेव्हा रामदासपेठेतल्या एका मेडिकल स्टोअरमध्ये काउंटरवर होतो आणि राहायला उत्तर नागपुरात, जरीपटक्याच्या अलीकडच्या एका वस्तीत. बाई आमच्याच गल्लीतल्या. जवळच्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळी वस्ती त्यांना बाई म्हणायची, त्यांची सासूसुद्धा. औषध हवं तर मी संध्याकाळी येताना घेऊन आलो असतो, तसं मी कितीदा तरी सांगितलं. पण शाळा सुटली की त्या वस्तीपासून रामदासपेठेपर्यंत पायी यायच्या आणि पायीच परत जायच्या.

"चाललो की पाय शहाण्यावानी राहतेत," त्या म्हणायच्या. आमच्याकडे बायकाही बोलताना 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात. शाळेत मात्र बाईंची भाषा एकदम छापील व्हायची.

मेडिकलच्या दुकानात उभं राहून फुकटचा सल्ला मागणाऱ्या लोकांचा मला मनापासून वैताग यायचा. गोळी घ्यायची एक आणि घरच्या सगळ्यांची दुखणी सांगायची, वर मी डॉक्टर नाही म्हटलं की तोंड वाकडं करायचं. बाईंचा मात्र मला कधी कंटाळा आला नाही. त्या सल्ला मागत नव्हत्या, हिशेब चुकता करावा तशा एकेका औषधाचा निकाल लावत होत्या.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. सिनेमात मध्यंतराच्या आधीच बाहेर जाऊन उभी राहतात, पंगतीत सारखी मांडी बदलतात. आपण म्हणतो, काय ही चुळबुळ! बाईंना दिवसा असलं काही नव्हतं. दिवसभर त्या वर्गातून फिरत शिकवायच्या, तोवर सगळं ठीक. दिवे लागले आणि त्या कुठे टेकल्या, की सुरू.

"दुखत नाही गा," त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हाचे शब्द माझ्या लक्षात आहेत. "दुखलं असतं तं सोसलं असतं. पोटरीच्या आतून कोणी सरपटून राहिलं, असं वाटते. अन् म्हणते, ऊठ. उठलो की बंद. बसलो की पुन्हा, ऊठ."

रात्री त्यांचे मिस्टर पाय चेपून द्यायचे. गिरणीतली पाळी करून आलेला माणूस, पाय चेपता चेपता त्यालाच झोप लागायची. मग बाई हळूच त्याचे हात बाजूला करून अंगणात फेऱ्या घालायच्या.

एवढ्यावरही त्यांनी निभावून नेलं असतं. पण मध्ये वर्षावास आला.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या बौद्ध वस्त्यांमध्ये आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचतात. पुढे चौरंग, त्यावर ग्रंथ, मेणबत्ती, अगरबत्ती. वाचणारा आसनावर मांडी घालून बसतो आणि बाकीची वस्ती समोर सतरंजीवर बसून ऐकते. आमच्याकडे पूर्वी कोणी ना कोणी पुरुष वाचायचे. पाली शब्द आला की अडखळायचे, वाक्य कुठे संपतं ते त्यांना कळायचं नाही, मग आम्हाला तरी कुठून कळणार? एका वर्षी वाचणाऱ्याचा घसा बसला आणि दोन दिवसांसाठी म्हणून बाईंना बसवलं. दुसऱ्या दिवशी पुढच्या रांगेतली मावशी उभी राहून म्हणाली, "इतकी वर्षं ऐकून राहिलो, पण आज समजलं." झालं, आसन बाईंचं झालं.

ही मावशी म्हणजे वस्तीची म्हातारी. अक्षरओळख नाही, पण विहारात कोणाची कोणती पाळी हे तिच्याच डोक्यात. सतरंजी अंथरायची पाळी, मेणबत्तीची पाळी आणि सगळ्यात मानाची म्हणजे वाचणाऱ्याला चहा आणायची पाळी. रोज एका घरून किटलीभर चहा यायचा. घट्ट दुधाचा, अद्रक घातलेला. वाचणाऱ्याचा गळा ओला राहावा म्हणून. ज्या घरची पाळी असे, त्या घरची बाई दुपारपासून आमच्याकडची चाय कशी असते ते सांगत फिरायची.

ज्या वर्षापासून पाय बिनसले, त्या वर्षी बाईंनी भाद्रपदापर्यंत कसंबसं रेटलं. आधी नुसता अंगठा हलायचा. मग गुडघा. मग वाचता वाचता त्या मांडी मोडून पाय लांब करायच्या, पुन्हा घ्यायच्या, आणि एका संध्याकाळी वाक्य अर्धं टाकून ताडकन उठल्या आणि विहाराच्या दाराबाहेर गेल्या. आम्ही सगळे सतरंजीवर तसेच. बाहेरून त्यांच्या चपलांचा आवाज येत होता, इकडून तिकडे, तिकडून इकडे. त्या परत आल्या तेव्हा विहार समितीचे सेक्रेटरी चौरंगाशी उभे होते.

सेक्रेटरी वाईट माणूस नव्हता. शिस्तीचा होता इतकंच. तो म्हणाला, "बाई, ग्रंथासमोर हे असं बरं नाही दिसत. तुम्ही आराम करा. कॉलेजातला एक पोरगा आहे, तो करील पुरं."

त्या वर्षीचा ग्रंथ त्या पोराने पुरा केला. त्याचा आवाज मोठा होता आणि तो वाचायचाही भरभर, जणू पुढची गाडी पकडायची आहे. बाई मागच्या भिंतीला टेकून उभ्याने ऐकायच्या. अश्विन पौर्णिमेला खीर वाटली, ती घेऊन त्या माझ्याशेजारी आल्या.

"पुढच्या आषाढीले मी बसणार," त्या म्हणाल्या. "अन् अश्विनपर्यंत उठणार नाही. तू मले औषध देत राहजो."

"बाई, औषध डॉक्टर देतात. मी पुडी बांधतो."

"मग डॉक्टरकडून आणू. पण बसणार."

तिथून ते बाटल्यांचं वर्ष सुरू झालं. नागपुरात तेव्हा आजार दोनच असत, ऊन लागणं आणि कमजोरी. हिवाळा होता, म्हणून बाईंना कमजोरी ठरली. वस्तीतल्या डॉक्टरने आधी कॅल्शियमच्या सुया दिल्या. मग ताकदीचं लाल टॉनिक. मग व्हिटॅमिनच्या पिवळ्या गोळ्या. कोणीतरी महानारायण तेल सांगितलं, ते मिस्टरांनी इतकं चोळलं की त्यांच्याच हाताची सांधेदुखी गेली म्हणे. बाईंचे पाय होते तिथेच. दर पंधरवड्याला माझ्या काचेवर एक बाटली यायची.

"हे झालं. आता दुसरं."

मध्येच त्यांना सर्दी झाली. कोणी तरी सर्दीची गोळी दिली, हिने झोपही छान लागते म्हणून. त्या रात्री बाई एकीकडे पेंगत होत्या आणि दुसरीकडे पाय असे उसळत होते की सगळं घर जागं. "झोप डोळ्यात, अन् पाय मोर्च्यात," असं त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. पुढे डॉक्टरांकडून कळलं की त्या जातीच्या गोळ्यांनी हा त्रास उलट वाढतो. तेव्हा कोणाला ठाऊक होतं?

सर्दीमागोमाग खोकला आला. खोकल्याचं सिरप मीच चिठ्ठीवरून दिलं. चार दिवसांनी बाई आल्या त्या चक्क हसत.

"पाय झोपले गा! पहिल्यांदा! खोकल्याच्या औषधानं!"

मी बाटली फिरवून बघितली आणि माझं तोंड उतरलं. त्यात कोडीन होतं. कोडीन म्हणजे अफूच्या गोतावळ्यातलं, हे मी बाईंना सांगितलं. लागलं तर सुटत नाही, तेही सांगितलं. बाईंनी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"रोज संध्याकाळी मी पाचवं शील म्हणतो," त्या म्हणाल्या. "नशेच्या वस्तूपासून दूर राहीन म्हणून. अन् घरून निघताना एक चमचा घेऊन निघू?"

"औषध म्हणून घेतलं तर नशा नाही होत, बाई."

"ज्याले लागते त्यानं घ्यावं, मी त्याले नाव नाही ठेवत. पण मले आधी दुसरे रस्ते पाहू दे. हे झालं."

बाटलीत अर्ध्याहून अधिक औषध शिल्लक होतं. पहिल्यांदाच त्यांनी भरलेली बाटली माझ्या काचेवर ठेवली आणि तीही रिकाम्या बाटलीइतक्याच ठामपणे.

अशा वेळी आजूबाजूची माणसं गप्प बसत नाहीत. शेजारच्या एका बाईने काळा दोरा आणला. घोट्याला बांध, कोणाची तरी नजर आहे म्हणाली. बाईंनी तो दोरा हातात घेतला, नीट गुंडाळला आणि तिच्या तळहातावर परत ठेवला. "मी लहान होतो तेव्हा बापाच्या खांद्यावर बसून दीक्षेले गेलो," त्या म्हणाल्या. "हे सगळं आपण त्या दिवशीच सोडलं ना वं? मग पायापुरतं काहून ठेवायचं?" शेजारीण ओशाळली. पण बाईंनी तिला चहा पाजल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

उन्हाळा संपत आला आणि आषाढी जवळ आली. आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक लेडी डॉक्टर बसायच्या. मोठं शिक्षण, कमी बोलणं, आणि फी ऐकून माणूस जिन्यातूनच परत फिरावा अशी ख्याती. मी बाईंना म्हटलं, एकदा दाखवून तर पाहू. मॅडमना मी आधी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे त्यांनी फीचा विषयच काढला नाही.

बाईंनी सगळं सांगितलं. सरपटणं, 'ऊठ', चपला, सर्दीची गोळी, खोकल्याचं सिरप. मॅडम मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बसलं की सुरू, चाललं की बंद, आणि संध्याकाळनंतर जास्त. याला नाव आहे, बाई. रेस्टलेस लेग्ज. पाय अस्वस्थ होण्याचा आजार."

बाई पुढे सरकल्या. "म्हणजे हे माह्या मनाचं नाही?"

"नाही."

"अन् चाळे नाही?"

"अजिबात नाहीत. पुष्कळ लोकांना असतो. सांगत नाहीत इतकंच."

बाईंनी पदराने तोंड पुसलं. रडल्या म्हणत नाही मी, पण पदर बराच वेळ तोंडावर होता. शेजारणींपासून सासूपर्यंत सगळ्यांनी त्यांना नखरेल ठरवलं होतं, आणि बाईंनी कोणाला उलट उत्तर दिलं नव्हतं. नाव मिळाल्यावर त्यांचं निम्मं दुखणं त्या खुर्चीतच उतरलं असं मला वाटलं.

मग मॅडमनी त्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, नखं पाहिली आणि मला म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबा." मी बाहेर थांबलो. आत काय विचारलं ते पुढे बाईंनीच सांगितलं, आडून आडून. महिन्याच्या महिन्याला अंगावरून जास्त जात होतं, वर्षानुवर्षं, आणि ते बाईंनी कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकांचं असतंच, म्हणून. त्याचा इलाज मॅडमनी वेगळा सुरू केला. रक्त तपासलं तर लोह पार तळाला गेलेलं.

रिपोर्ट आल्यावर मॅडमनी सगळे रस्ते समोर मांडले. हे मला फार आवडलं, कारण आमचे डॉक्टर सहसा एकच चिठ्ठी देतात आणि जा म्हणतात. "तुमच्यात लोह कमी आहे, तर आधी लोह. दोन-तीन महिने लागतील, धीर धरावा लागेल. ते भरूनही पाय थांबले नाहीत, तर झटक्यांच्या आजारावरची एक गोळी आहे, तिने आराम पडतो, पण गुंगी येते. कोडीनचं तुम्ही पाहिलंच. फारच हाल असतील तर तेही देतात, माझ्या नजरेखाली. आणि कंपवाताचं एक औषध आहे, परदेशात कोणी कोणी यावर देऊन बघतंय. मी अजून कोणाला दिलेलं नाही. ज्यांच्या रक्तात लोह नीट आहे त्यांना या गोळ्या देऊन उपयोग नाही, हेही लक्षात ठेवा. म्हणजे वस्तीत वाटू नका."

शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून होतं. वस्तीला त्या ओळखत असाव्यात.

"अन् आषाढी?" बाईंनी विचारलं. "ती तं येऊन राहिली."

"तोवर काही होणार नाही."

"मग मी बसतो. गोळी मागून येईल."

सेक्रेटरीने आसन दिलं, पण अट घातली. वाचताना मधून उठलात तर त्याच दिवशी पोथी पोराकडे. कॉलेजातला पोरगा बिचारा रोज मागे येऊन बसायचा, तयारीत. बाईंनी अट मान्य केली. मावशी मात्र सेक्रेटरीला जे काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही.

आषाढी पौर्णिमेला पांढरी साडी नेसून बाई आसनावर बसल्या. येण्याआधी विहाराभोवती झपाझपा फेऱ्या मारून घेतल्या होत्या. साडीखाली पोटऱ्यांना ओले पंचे गुंडाळले होते, गार राहावं म्हणून. उठल्यावर आसनावर हा भला ओला डाग. सेक्रेटरी विहाराचं छप्पर तपासत बसला, कुठून गळतंय म्हणून.

रोज तेच. डाव्या हाताने चौरंगाखाली पोटरी दाबायची, उजव्या हाताचं बोट ओळीवर. कपाळावर घाम. आवाज मात्र एकदाही हलला नाही. मी ऐकायला बसायचो आणि माझेच पाय आखडायचे. चहा यायचा, बाई पदराच्या गाठीतून लोहाची गोळी काढायच्या, चहाच्या घोटाबरोबर गिळायच्या आणि वाचायला लागायच्या. सकाळची गोळी घरच्या चहाबरोबर, संध्याकाळची विहारातल्या. चहाच्या वेळेशी गोळी बांधली म्हणजे विसरायला नको, अशी त्यांची युक्ती.

श्रावण उजाडला तरी पायांत फरक नाही. मॅडमनी झटक्यांच्या आजारावरची ती गोळी दिली, अर्धी, झोपताना घ्या म्हणून. बाईंनी ती झोपताना न घेता वाचनाआधी घेतली. का, ते तुम्हाला कळलंच असेल. त्या संध्याकाळी पाय खरोखर गप्प होते. बाईही गप्पच व्हायच्या बेतात होत्या. शब्द लांबत गेले, डोळे मिटायला लागले, आणि एक पान वाचून झाल्यावर त्यांनी तेच पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. सगळ्या विहाराच्या लक्षात आलं. कोणी हूं की चूं केलं नाही. सेक्रेटरीसुद्धा छताकडे बघत राहिला. वाचन संपल्यावर मावशी जवळ जाऊन हळूच म्हणाली, "बाई, आज भगवंत एकाच गावात दोनदा गेले वं."

दुसऱ्या दिवशी गोळ्यांची पट्टी माझ्या काचेवर.

"हे झालं," बाई म्हणाल्या. "रात्रीच्यासाठी चांगली असेल. पण मले वाचायचं आहे. लोक माह्या तोंडून ऐकून राहिले, अन् मीच तिथं नाही, हे नाही चालणार."

"मग आता?" मी विचारलं. खरं सांगतो, माझा धीर सुटला होता. औषधं संपत आली होती आणि अश्विन पौर्णिमा लांब होती.

"आता पुन्हा वर जाऊ," त्या म्हणाल्या आणि जिना चढायला लागल्या.

मॅडमनी रक्त पुन्हा तपासलं. आकडा जिथल्या तिथे. "गोळ्या घेता ना?" घेतो. "रोज?" रोज, दोन वेळा. मॅडम पेनचं टोपण उघडझाप करत बसल्या. मग त्यांनी विचारलं, "कशाबरोबर घेता?"

"चायसंगं."

मॅडमनी टोपण टेबलावर ठेवलं. "दोन्ही वेळा?"

"हो नं. सकाळी घरची, संध्याकाळी विहारातली."

"अहो बाई, चहाने लोह पोटातच अडकतं. अंगी लागत नाही. दोन महिने तुम्ही गोळी घेतली आणि चहाने ती वाया घालवली. गोळीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास चहा नको. आंबट काहीतरी घ्या तिच्याबरोबर. संत्रं खा."

नागपुरात राहून संत्रं मिळत नाही असे तेच दिवस. श्रावणात झाडावर हिरवी लिंबाएवढी फळं असतात. मॅडमना मी ते नम्रपणे सांगितलं. तर म्हणाल्या, "मग लिंबू घ्या. इतकं का अडून बसता?"

जिना उतरताना बाई हसत होत्या, पण खाली आल्यावर थबकल्या. "आता वस्तीले कसं सांगू गा? प्रत्येकीनं जीव लावून आणली चाय. बंद करा म्हटलं तं काय वाटेल त्याहिले?" मग म्हणाल्या, "तू सांग. तू मेडिकलवाला आहेस."

मी आयुष्यात एकच भाषण केलं आहे आणि ते चहाच्या विरोधात. त्रिशरण-पंचशील झाल्यावर मी विहारात उभा राहिलो, लोह, रक्त, पोट असं काहीबाही बोललो आणि शेवटी म्हणालो की उद्यापासून बाईंना चहा आणू नका. ज्या बाईची त्या दिवशी पाळी होती ती किटली मांडीवर घेऊन बसली होती.

मावशी उठली. "काय म्हणून राहिला तू? आमची चाय काय इख आहे?"

"विष नाही, मावशी. गोळीशी तिचं जमत नाही."

"इतके दिवस जमत होतं नं?"

"जमत नव्हतं, म्हणूनच तर पाय थांबले नाहीत."

हे मावशीला लागलं असावं. ती हळूच खाली बसली. तिच्याच हुकमावर ती किटली रोज येत होती. ती बाईंच्या पायांकडे बघत राहिली, मग मागे वळून सगळ्या बायकांना तिने विचारलं, "लिंबू कोणाकडं आहे?"

दुसऱ्या दिवसापासून लिंबाची पाळी लागली. आणि त्यातही चढाओढ आलीच. कोणी सैंधव घातलं, कोणी भाजलेलं जिरं, एकीने तर इतकी साखर घातली की बाईंना दोन ग्लास पाणी वर प्यावं लागलं. बाई ते न कुरकुरता प्यायच्या. चहावर जीव असलेली बाई, पण अश्विन पौर्णिमेपर्यंत चहाचं नावही त्यांनी काढलं नाही. फक्त समोर कोणी चहा घेतला की खिडकीबाहेर बघायच्या.

भाद्रपदात आम्ही ऐकणारे ग्रंथ कमी आणि बाईंचे पाय जास्त बघत होतो. हे पाप असेल तर आम्ही सगळ्यांनी मिळून केलं. साडीच्या काठाखाली तो अंगठा हलला की सतरंजीवर पंधरा-वीस माणसं श्वास धरायची. थांबला की सोडायची. एका संध्याकाळी अख्खं पान झालं आणि अंगठा हलला नाही. मी मावशीकडे पाहिलं, मावशीने माझ्याकडे. कॉलेजातल्या पोरानेही पाहिलं असावं. दुसऱ्या दिवसापासून तो मागे पोथीच्या तयारीत बसायचा सोडून पुढे येऊन बसायला लागला, ऐकायला. पुढे एकदा मला म्हणाला, "काका, बाई वाचतेत तेव्हा मले समजते. मी वाचलं तेव्हा मलेच समजलं नव्हतं."

पंचे सुटले. चौरंगाखालचा डावा हात वर आला आणि पानावर ठेवला गेला. आवाज पूर्वीही हलत नव्हता, पण आता त्यात एक निवांतपणा आला. वाक्य संपलं की बाई थांबायच्या, आमच्याकडे बघायच्या, मग पुढचं वाचायच्या. पूर्वी त्यांना थांबायची सोय नव्हती.

हे सगळं कायमचं गेलं असं मात्र नाही. पुढच्या वर्षांत कधी पाय पुन्हा बोलायला लागले की बाई वेळ न घालवता रक्त तपासून घ्यायच्या, आणि लोह खाली गेलेलं असलं की पुन्हा गोळ्या. बाई निवृत्त होईपर्यंत दर वर्षावासात त्यांनीच वाचलं, आणि निवृत्तीनंतरही. आता त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मावशी तर त्यांच्याही आधी गेली. आमच्या विहारात आता माइक आहे, पंखे आहेत, वाचणारी मुलं एम.ए. झालेली आहेत, चांगली वाचतात. तरी अश्विन पौर्णिमा आली की मला त्याच वर्षीची संध्याकाळ आठवते. त्या संध्याकाळबद्दल सांगायचं म्हणूनच हे एवढं लिहिलं.

शेवटचं पान झालं. बाईंनी ग्रंथ मिटला, पांढऱ्या कापडात गुंडाळला. साधू, साधू, साधू म्हणून झालं. खीर वाटली. माणसं उठली, बायकांनी बाईंना वाकून नमस्कार केले, पोरं बाहेर पळाली. सेक्रेटरीने मेणबत्त्या विझवून एक ठेवली. विहार जवळजवळ रिकामा झाला आणि बाई आसनावरच.

"बाई, झालं," सेक्रेटरी म्हणाला. "उठा आता."

"काहून?"

तो गोंधळला. "सतरंजी काढायची आहे."

"माह्या भवतालची काढा," बाई म्हणाल्या.

मग त्याने आणि मी मिळून सतरंजी गुंडाळत गुंडाळत बाईंच्या आसनापर्यंत आणली आणि तिथे थांबलो. दारापर्यंत गेलेली मावशी परत आली आणि उघड्या फरशीवर त्यांच्याशेजारी बसली. मिस्टर दाराशी आले, आत डोकावले, आणि पायरीवर टेकले. कोणी घाई केली नाही. बाईंचे हात मांडीवर होते, पाय नीट आत घेतलेले, डोळे उघडे. आता त्यांना काही वाचायचं नव्हतं आणि कुठे जायचंही नव्हतं. त्या नुसत्या बसल्या होत्या.